चारशे ऐंशी फेरे

सांगली
२८ ऑक्टोबर १९९६

ती. सोपानमामा यांस,
सप्रेम जयभीम.

झालं ते क्रमाने लिहिते.

१. फेब्रुवारीत तुम्ही मला तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळून दिली. चारशे फेरे, मधे लोखंडी गाभा. ती मी सूक्ष्मदर्शकाशेजारी बसवून वापरत होते.
२. ६ ऑगस्टला माझ्याबरोबर काम करणारी क्रांती करंट चालू ठेवून जेवायला गेली. कॉइल जळली.
३. मी तुम्हाला पत्र लिहून तशीच दुसरी मागितली. ती २६ सप्टेंबरला एस.टी.ने, बिस्किटाच्या डब्यातून आली.
४. ३ ऑक्टोबरला ती जोडली. त्या दिवसापासून माझे आकडे बदलले.
५. १९ ऑक्टोबरला माझे मार्गदर्शक माने सर यांनी माझी प्रयोगांची वही पाहिली आणि सही केली नाही.
६. १३ डिसेंबरला समिती येणार आहे. माझं संशोधन पुढे चालू ठेवायचं की थांबवायचं, हे त्या दिवशी ठरेल. वहीवर सरांची सही नसेल तर समितीपुढे ठेवायला माझ्याकडे काहीच नाही.

आता प्रश्न कळावा म्हणून थोडं कामाविषयी लिहिते. कॉइल कशाला लागते हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही आपणहून बोलले नाही.

कोंबडीच्या अंड्यातल्या बारा दिवसांच्या पिल्लाच्या कवटीचं हाड घेऊन त्यातल्या पेशी मी काचेच्या बशीत वाढवते. पेशीला ओढलं, दाबलं तर ते तिला कळतं. कुठून कळतं, हा माझा विषय आहे. पेशीच्या पृष्ठभागावर निरनिराळी प्रथिनं असतात. त्यांना ग्राही म्हणतात, कारण ती बाहेरचं काहीतरी पकडतात. त्यांतल्या एका जातीचं नाव इंटेग्रिन. त्याचं एक टोक पेशीबाहेर असतं, तिथून पेशी आजूबाजूला धरून राहते. दुसरं टोक आत असतं आणि ते पेशीतल्या बारीक दोऱ्यांच्या जाळ्याला बांधलेलं असतं. दुसरे काही ग्राही नुसते पृष्ठभागावर असतात. त्यांना आत असं बांधलेलं नसतं.

मी लोहाचे मणी वापरते, केसाच्या जाडीच्या पंधराव्या हिश्शाएवढे. काही मण्यांवर इंटेग्रिन धरील असा लेप देते, काहींवर दुसरा ग्राही धरील असा. मणी पेशीला चिकटले की कॉइलमधून करंट सोडते आणि मणी ओढते. तीन सेकंद ओढ, दहा सेकंद विश्रांती, असं दहा वेळा. मणी किती सरकला ते सूक्ष्मदर्शकातल्या पट्टीवर मोजते.

जुन्या कॉइलवर दोन्ही मणी सुमारे तीन रेघा सरकायचे. इंटेग्रिनवरचा मणी शेवटी शेवटी थोडा कमी सरकतोय असं वाटायचं, पण ते खात्रीने म्हणता येत नव्हतं. नव्या कॉइलवर दोन्ही मणी पहिल्या ओढीला चार रेघांच्या पुढे जातात. मग दुसऱ्या ग्राहीवरचा मणी दहाव्या ओढीलाही तेवढाच सरकतो. इंटेग्रिनवरचा मणी दीड रेघेवर येतो. म्हणजे पेशीने ओढ ओळखली आणि त्या जागी स्वतःला घट्ट केलं. ओढ दोघांना सारखीच होती. फरक फक्त कोणत्या ग्राहीतून ओढलं याचा.

निकाल चांगला आहे. सरांना तो त्याचमुळे पसंत नाही. ते म्हणाले, "पहिल्याच ओढीला तीनच्या जागी चार? पेशी तीच, मणी तेच, करंट तोच. मग ओढ वाढली कशी, ते आधी सांगा."

म्हणून विचारते. नव्या कॉइलचे फेरे किती आहेत? तार कोणत्या गेजची? व्हार्निश देऊन भाजल्यामुळे तार आता चिकटून बसली आहे. उलगडून मोजायची तर कॉइल तोडावी लागेल, आणि माझ्याकडे ती एकच आहे.

मामींना जयभीम. आई साताऱ्याला बरी आहे.

आपली,
आम्रपाली

⁂

कवठे महांकाळ
४ नोव्हेंबर १९९६

चि. आम्रपालीस,
मामाचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मग मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ते नंबर घालून लिहिलेलं ऐकून मला वाटलं पोलीस पंचनामा आला घरी.

फेरे चारशे आहेत. मी स्वतः मोजले. तार बावीस गेज, पहिल्यासारखीच, त्याच रिळातली. बावीस वर्षं जळलेल्या मोटारीत नवी तार भरायच्या या धंद्यात आहे, पाच हॉर्सपॉवरची मोटार असो नाहीतर मिक्सर असो, मोजणीत सोपान होवाळ चुकत नाही. तुमच्या सांगलीचं व्होल्टेज बघ आधी. इथं आमच्याकडं दिवसा एकशेसाठ असतं आणि एकदम अडीचशेवर उडी मारतं, म्हणून तर माझं दुकान चालतं. इकडच्या सगळ्या बोअरच्या मोटारी त्यातच जळतात. यंदा द्राक्षवाल्यांच्या आतापासूनच यायला लागल्यात.

तू पेशीचं लिहिलंस ते मला माझ्या पद्धतीनं कळलं. मोटारीच्या अंगावर कंपनीची पितळी पाटी असते, दोन रिबिटावर. ती धरून कितीही ओढ, फार तर पाटी निघून हातात येईल. पण पायाचा बोल्ट धरून ओढलंस तर खालच्या काँक्रीटपर्यंत कळतं. तुझं ते इंटेग्रिन म्हणजे पायाचा बोल्ट. बरोबर का?

मामीला मी विचारलं, "कळलं का गं?" ती उठून भाकरी टाकायला गेली.

सरांना सांग, कॉइलमध्ये दोष नाही. तुझं काम थांबेल असं होऊ नये. दिवाळीला साताऱ्याला जाणार का? ताईला सांग, आम्ही सगळी ठीक आहोत.

तुझा,
सोपानमामा

⁂

सांगली
९ नोव्हेंबर १९९६

ती. सोपानमामा यांस,
सप्रेम जयभीम.

पायाच्या बोल्टचं उदाहरण बरोबर आहे. क्रांतीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपण दीड वर्ष परिच्छेद लिहितोय, मामांनी बोल्टवर भागवलं." एकच भर घालते. हा बोल्ट ओढला की पाया आणखी पक्का होतो. काँक्रीट तसं करत नाही. जिवंत पेशी करते.

आता व्होल्टेजबद्दल. आमच्याकडे स्टॅबिलायझर आहे. शिवाय मी व्होल्टेजवर जात नाही, करंट मोजते. दोन्ही कॉइलमधून बरोबर एक अँपियर सोडलेला आहे.

फेब्रुवारीत मी एक तपासणी करून ठेवली होती. पेशी नाही, काही नाही, नुसत्या ग्लिसरीनमध्ये मणी सोडायचा आणि कॉइलने ओढायचा. ठरावीक अंतर जायला त्याला जुन्या कॉइलवर ३६ सेकंद लागत. नव्या कॉइलवर तीच तपासणी केली. २५ सेकंद लागतात. वीस मण्यांची सरासरी आहे. ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. छत्तीसचं वर्गमूळ सहा, पंचवीसचं पाच. म्हणजे नव्या कॉइलचे फेरे जुन्याच्या सहा-पंचमांश आहेत. चारशेचे सहा-पंचमांश चारशे ऐंशी.

तारेचा रोधही फेब्रुवारीतल्या नोंदीशी ताडून पाहिला. तो पाचव्या हिश्शाहून किंचित जास्त वाढला आहे. बाहेरचे फेरे लांबीला मोठे असतात, हे धरलं तर तोही चारशे ऐंशीच सांगतो.

तुमची मोजणी चुकत नाही हे मला माहीत आहे. चुकली असती तरी आठ-दहा फेऱ्यांनी चुकली असती, ऐंशीने नाही.

सर म्हणतात, कॉइल कापा आणि मोजा. मी त्यांच्याकडे आठवड्याची मुदत मागितली आहे. कापली तर १३ डिसेंबरच्या आधी प्रयोग पुन्हा होणार नाही. नाही कापली आणि कारणही मिळालं नाही, तर सही होणार नाही.

दुसरी गोष्ट. तुमचं अक्षर बदललं आहे. एरवी उजवीकडे झुकणारं अक्षर या पत्रात डावीकडे झुकलं आहे, आणि ओळीची शाई फासली गेली आहे, डाव्या हाताने लिहिणाऱ्याची होते तशी. याचं कारण मी तर्काने सांगू शकते, पण तुम्ही सांगितलंत तर बरं.

दिवाळीला साताऱ्याला जाणार नाही. पेशींना रोज पाहावं लागतं.

आपली,
आम्रपाली

⁂

कवठे महाकाळ
रविवार

आमू पोरी जयभीम

मी मामी लिवते. साक्षरता वर्गाच्या बाई रंगुबाई म्हनल्या व्हत्या पत्र लिवायला शिका. ह्ये माजं पयलं पत्र. चुकलं तर हसू नको.

तुज्या मामानं खोटं लिवलं. कॉइल त्यांनी न्हाई गुंडाळली. मी गुंडाळली.

आखाडात बोअरची मोटार वर काडताना साखळी सुटली आन त्यांचं उजवं मनगट मोडलं. दीड म्हयना पलास्टर व्हतं. तुज्या आईला सांगू नका म्हनले ती रडंल. गिऱ्हाइकांला सांगू नका म्हनले ती दुसऱ्या दुकानात जातील. मग मोटारी कोन भरनार. मी इतकी वर्सं तार धरून दिली, कागद कापून दिलं, मला समदं ठावं हाय. ते फुडं बसून सांगायचे, मी भरायची. कुनी आलं की मी चहा करत्याय असं दाकवायचं. अकरा मोटारी भरल्या. एक बी परत आली न्हाई.

तुजी कॉइल बी मीच केली. त्या दिशी ते मिरजला हाताचा फोटो काडायला गेलते. चिठ्ठीवर चारशे लिवलं व्हतं. मी चारशेच मोजले पर परतेक शंभरावर वीस वर टाकले.

ते का ते आईक. मी लहान असताना आमी आयशीबरूबर कडबा बांदाय जायचो. पेंड्या मोजायच्या. आपल्या घरचं मोजायचं तर शंभराला शंभर. दुसऱ्याचं मोजायचं तर शंभरावर वीस वर, मजुरी शंभराचीच. मालक उभा ऱ्हायचा. वीस न्हाई टाकले तर समदी गंजी मोडून फिरून मोजाय लावायचा. आमचे हात तसेच बसले. तुजी कॉइल दुसऱ्याला द्यायची व्हती. रिकाम्या रिळावर जागा बी व्हती. हातानं टाकले. मला वाटलं पोरीला कमी पडाय नको.

मोटारीत आसं व्हत न्हाई. तितं एका खाचंत पन्नास साठ फेरं. शंभर व्हतच न्हाईत.

तुजं पत्र ऐकलं तवाच मला कळलं. मला बोलाय झालं न्हाई. तुजं काम बंद पडलं तर मला कसं वाटंल.

हाताचं आता. पलास्टर काडून अडीच म्हयने झाले. डाक्टर म्हनला हाड जुळलं, हात वापरा. हे वापरत न्हाईत. झोळीत घालून बसत्यात. मी जेवाय वाडते, अंगरका घालते, बटन लावते. कुनी हात धरला की म्हनत्यात आवं हळू. हात बारीक झालाय. तुजे सर हाडाचं बगत्यात न्हवं. त्यांला इचार.

बाळाबाई सोपान होवाळ

⁂

सांगली
२१ नोव्हेंबर १९९६

ती. बाळाबाई मामींस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. हसले नाही.

एकशेवीस गुणिले चार, चारशे ऐंशी. आकडा पूर्ण जुळला. मणी, तारेचा रोध आणि तुम्ही, तिघांनी एकच उत्तर दिलं आहे. ते वेगवेगळ्या ठिकाणाहून आलं म्हणून मला ते पक्कं वाटतं.

तुम्ही चुकलात असं मनातून काढा. चुकलेली मोजणी कधी तीन जास्त असते, कधी पाच कमी. तुमच्या मोजणीत एकही फेरा इकडेतिकडे नाही. आणि त्या जास्तीच्या फेऱ्यांमुळेच मला फरक दिसला. जुन्या ओढीला मणी इतका थोडा सरकत होता की माझी पट्टी पुरत नव्हती. सहा महिने मी पेशींना दोष देत होते.

सरांनी वहीवर सही केली. ते म्हणाले, "चारशे ऐंशी हे कळलं. पण इतके नेमके ऐंशी जास्त कसे?" मी म्हणाले, "गुंडाळणाऱ्याची पद्धत आहे." त्यांनी पुढे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बाहेर आल्यावर क्रांती म्हणाली, "पद्धत म्हणजे काय गं?" मी तिला कडब्याचं सांगितलं. ती मग म्हणाली, "हे सरांना का नाही सांगितलंस?" त्यावर मी अजून विचार करते आहे.

आता मामांच्या हाताविषयी. मी डॉक्टर नाही. कोंबडीच्या पेशी पाहून माणसाच्या मनगटावर मत देणं बरोबर नाही. पण डॉक्टरांनी हात वापरा म्हणून सांगितलं आहे, आणि ते का सांगितलं असेल एवढं मी सांगू शकते.

हाडातल्या पेशी सतत काम करत असतात. काही हाड घालतात, काही हाड खातात. हाडावर ओढ आणि भार आला की घालणाऱ्या पेशींना तो कळतो आणि त्या कामाला लागतात. भार आलाच नाही तर खाणाऱ्या पेशी थांबत नाहीत. म्हणून हात बारीक दिसतो तसा आत हाडही बारीक होतं. तुम्ही तेल लावत असाल, शेक देत असाल, तर ते कातडीला बरं वाटतं. त्याने हाडाला भार कळत नाही. हात जपणं म्हणजे त्याला काही करू न देणं, असं मामांना वाटत असेल तर ते उलटं आहे.

मिरजेच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवा. काय उचलायचं, किती, दिवसातून किती वेळा, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. मी लिहिलं म्हणून काही करू नका.

आणि बटण त्यांना लावू द्या. वेळ लागेल.

तुम्ही लिहिलेलं पत्र पूर्ण कळलं. एकही ओळ दोनदा वाचावी लागली नाही.

आपली,
आम्रपाली

⁂

कवठे महांकाळ
१ डिसेंबर १९९६

चि. आमू,
आशीर्वाद.

आमच्या पोस्टमननं भांडं फोडलं. लालासाहेब पत्र देताना म्हणाला, "सोपानराव, घरात आता लिहिणारी दोन झाली की! वहिनींच्या नावानं पत्र, ते बी सांगलीहून." मी आत गेलो. विचारलं, "काय लिहिलंस तिला?"

ती म्हणाली, "जे झालं ते. तुमी लिवलं न्हाई ते."

मी म्हणालो, "धंदा बुडवशील."

"अकरा मोटारी मी भरल्या. बुडवायचा आसता तर तवाच बुडवला आसता."

तू असतीस तर तूही नंबर घालून गप्प बसली असतीस.

खोटं लिहिलं त्याबद्दल तुझी माफी मागतो. मोठ्यानं धाकट्याची माफी मागू नये म्हणतात, पण तुझं वर्ष जाणार होतं. मला फेरे खरंच माहीत नव्हते. मी चिठ्ठी बघितली, चारशे दिसलं, चारशे लिहिलं. मी मोजले असं लिहिलं तेवढं खोटं. दुकानाच्या पाटीवर माझं नाव आहे, ते मला सोडवेना.

तिनं कडब्याचं मला कधी सांगितलं नव्हतं. एकवीस वर्षं झाली लग्नाला. आता विचारलं तर म्हणाली, "तुमी इचारलं न्हाईसा. आमच्याकडं समदीच तशी मोजायची."

मिरजेला जाऊन आलो. डॉक्टर चिडले. "होवाळ, मी सप्टेंबरात काय सांगितलं होतं? हे मनगट काय देव्हाऱ्यात ठेवायचं आहे?" कागद लिहून दिला. ओला टॉवेल पिळायचा, पाण्याचा तांब्या उचलायचा, दर आठवड्याला थोडं वाढवायचं. दुखेल, पण थोडं दुखणं चालेल, सुजलं तर थांबायचं.

टॉवेलातून पहिल्या दिवशी चार थेंब निघाले. मामी बघत होती. म्हणाली, "वाळत घालायला मलाच पिळायला लागंल." पाचव्या दिवशी तिनं तो घेतला, पिळून बघितला आणि तसाच दोरीवर टाकला.

तुला एक सांगतो, कागदात नाही ते. वाइंडिंगमध्ये तार ढिली सुटली तर मोटार चालताना आतून थरथरते आणि तारेवरचा इनॅमलचा थर घासून जळते. जास्त ताणली तर इनॅमल आधीच तडकतं. मधला ताण कुठला, हे मीटरवर कळत नाही. अंगठा आणि पहिल्या बोटात कळतं. माझ्या बोटात ते राहिलं नाही, असं मला वाटलं. म्हणून झोळीत घातला हात. मोडलेलं हाड जुळतं, हे मला माहीत होतं. ताण कळायचा बंद झालाय का, हे बघायचं धाडस नव्हतं.

काल मामी मोटार भरत होती. मी तार धरली, ती धरून देत होती तशी. वीस-पंचवीस फेरे धरली. मग बोटं वाकडी झाली. पण ताण कळत होता.

तेरा तारखेचं कळव. आम्ही दोघं वाट बघतोय.

तुझा,
सोपानमामा

⁂

सांगली
१५ डिसेंबर १९९६

ती. मामा आणि ती. मामी यांस,
सप्रेम जयभीम.

शुक्रवारी समिती झाली. कामाला आणखी एक वर्ष मिळालं आहे. त्याला एक अट आहे, ती पुढे लिहिते.

समितीत तिघे होते. प्रश्न विचारले ते बहुतेक डॉ. हंबीरराव जगदाळे यांनी. वयस्कर आहेत, मूळचे कोरेगाव भागातले, निवृत्त होऊन आता ठिकठिकाणी परीक्षक म्हणून जातात. त्यांनी वही शेवटून वाचायला सुरुवात केली. मला ते बरं लक्षण वाटलं नाही.

"चारशेवरून चारशे ऐंशी का केले?"

"केले नाहीत. झाले."

"झाले म्हणजे? कॉइल आपोआप वाढते?"

माने सर माझ्याकडे पाहत होते. गुंडाळणाऱ्याची पद्धत, एवढं म्हणून थांबता आलं असतं. सरांपुढे मी तेच केलं होतं. पण समितीपुढे काम ठेवायचं तर उपकरण कसं तयार झालं हा कामाचाच भाग आहे, आणि तिथला आकडा मी कारण लपवून दिला तर बाकीच्या आकड्यांवर त्यांनी विश्वास का ठेवावा? म्हणून मी सांगितलं. माझ्या मामींनी गुंडाळली. त्या लहानपणी दुसऱ्याच्या खळ्यावर कडब्याच्या पेंढ्या मोजत. दुसऱ्याचं मोजताना शंभरावर वीस जास्त टाकावे लागत. हात तसाच बसला. चार शंभर, म्हणून ऐंशी.

शिपाई चहाचे कप घेऊन आला होता, तो दारातच थांबला.

मग डॉ. जगदाळे म्हणाले, "आमच्या खळ्यावर असंच होतं. मी मालकाचा मुलगा. शेकडा किती पेंढ्यांचा, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. मोजायला दुसरे होते." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तपासलंत का हे? की नुसतं ऐकलंत?"

मी ग्लिसरीनचे आकडे दाखवले, मग तारेचा रोध. त्यांनी स्वतः छत्तीस भागिले पंचवीस करून पाहिलं. कागदावर, पेन्सिलीने.

म्हणाले, "बाईंच्या मोजणीत एक टक्काही फरक नाही. आमच्या विद्यार्थ्यांना सांगा."

त्यानंतर त्यांनी विचारलं ते खरं अवघड होतं. पेशी ओढ ओळखते हे ठीक. पण किती ओढ लागते? चारशे फेऱ्यांना तिला कळत नव्हतं, की कळत होतं आणि मला दिसत नव्हतं? मी म्हणाले, माहीत नाही. ते म्हणाले, मग ते शोधा. अट हीच आहे. मार्चअखेरपर्यंत तीन वेगवेगळ्या ओढींवर प्रयोग करून दाखवायचा आहे. त्यासाठी तीन कॉइल हव्यात, चारशेची, चारशे ऐंशीची आणि पाचशे साठची. तार एका रिळातली, ताण एकाच हाताचा, मोजणी एकाच माणसाची. नाहीतर फरक पेशीमुळे पडला की कॉइलमुळे, हे मला पुन्हा सांगता येणार नाही.

तो माणूस मामी आहेत. आणि कॉइल इथे, माझ्यासमोर गुंडाळल्या जाव्यात असं मला वाटतं. प्रत्येक कॉइल झाली की लगेच ग्लिसरीनमध्ये तपासू, फरक निघाला तर लगेच दुसरी करू. व्हार्निश देऊन भाजायला दोन दिवस धरले तर एकूण आठ दिवस लागतील. ४ जानेवारी ते ११ जानेवारी. राहायला माझी खोली आहे. क्रांतीने स्वयंपाक करीन म्हटलं आहे, पण मी तिच्यावर अवलंबून राहणार नाही.

मामी, तुम्हाला एक विचारलं पाहिजे. जिथे चारशे लागतील तिथे चारशेच हवेत, वर काही नको. तुमचा हात इतक्या वर्षांचा आहे, हे मला माहीत आहे. म्हणून असं ठरवलं आहे की दर शंभराला तुम्ही थांबायचं आणि मी वहीत खूण करायची. हे दुसऱ्याचं मोजणं नाही. प्रबंधात उपकरणाच्या प्रकरणात लिहिलं जाईल की कॉइल बाळाबाई सोपान होवाळ, कवठे महांकाळ, यांनी गुंडाळल्या. माने सरांना विचारलं आहे. ते म्हणाले, लिहायलाच हवं.

मामा, तुम्ही म्हणाल, मामी आठ दिवस नसतील तर दुकान कोण बघणार, आणि द्राक्षवाल्यांच्या मोटारी तर येतच राहणार. एक मोटार तुम्हाला भरावी लागेल. कदाचित दोन. डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे तोपर्यंत तुम्ही भरलेली कळशी उचलत असाल. गिऱ्हाइकांनी विचारलं की बाळाबाई कुठे गेल्या, तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. खरं सांगितलंत तर पाटीवर दुसरं नाव घालायला पेंटरला बोलवावं लागेल. हे सगळं मी धरूनच तारखा काढल्या आहेत.

आईला मी मनगटाचं सांगितलं. ती रडली, मग तिने तुमच्यासाठी शेवया करायला घेतल्या.

येणार की नाही, हे मामींनी ठरवायचं आहे आणि उत्तर मामींनीच द्यायचं आहे. नाही म्हणायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा, मी दुसरी व्यवस्था बघेन. येणार असाल तर कोणत्या एस.टी.ने, ते लिहा, म्हणजे मी स्टँडवर येईन. दोन्हीपैकी जे असेल ते मला मंगळवार, २४ डिसेंबरपर्यंत कळवा.

आपली,
आम्रपाली